अरण्यातील हिवाळी मुक्काम

आमचा जन्म समुद्रकाठचा आणि घरची बोली कोकणी. त्या बोलीत थंडीला ‘शीं’ असा एवढासा शब्द आहे, आणि आमच्या गावी थंडीचे राज्यही तेवढेच. पौषातल्या पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घेतली, की आमचा हिवाळा साजरा झाला. सौंसरास शिक्षक म्हणून आलो त्या वर्षी डिसेंबरात सकाळच्या प्रार्थनेस आम्ही नुसत्या सदऱ्यावर उभे राहिलो आणि प्रार्थना संपेपर्यंत आमचे दात वाजू लागले. पुढच्या रांगेतील मुले हसू दाबीत होती. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या आजीबाईंनी त्याच्या हाती आमच्यासाठी एक लोकरीची कानटोपी पाठविली. ती टोपी आजही आमच्यापाशी आहे.

आपल्या शाळेतील मुले हिवाळ्यात एका रात्रीच्या मुक्कामास पेंचच्या अरण्यात जातात. दरवर्षी सहलीची सूचना फलकावर लागली म्हणजे पालक भेटावयास येतात आणि पहिला प्रश्न वाघाविषयी करतात. खोलीची दारे भक्कम आहेत ना, कुंपण आहे ना, जीप उघडी असते म्हणतात ते खरे का, असे प्रश्न होतात. थंडीविषयी मात्र कोणी फारसे विचारीत नाही. थंडी काय, घरोघरचीच! आमचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. वाघाने आजवर आम्हांस कधी त्रास दिलेला नाही. त्रास झाला तो थंडीने, आणि त्याहून अधिक थंडीवर आम्हीच योजलेल्या उपायाने. म्हणून हा लेख.

पेंच हे आपणांस परके अरण्य नव्हे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात गेले; तोपर्यंत आपण छिंदवाडा जिल्ह्यातले, आणि पेंचचा पश्चिमेकडील भाग त्याच जिल्ह्यात मोडतो. पूर्वेकडील भाग सिवनी जिल्ह्यातला. पेंच नदी या अरण्यातून उत्तरेकडून दक्षिणेस वाहते, तोतलाडोहच्या धरणात साठते आणि पुढे महाराष्ट्रात कामठीजवळ कन्हानला मिळते. ती कन्हान म्हणजे आपल्याच तालुक्यातून गेलेली. मध्यप्रदेशाच्या बाजूचे हे अरण्य १९७७ साली अभयारण्य, १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ साली व्याघ्र प्रकल्प झाले. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे २९३ चौरस किलोमीटर आहे. ‘कॉलरवाली’ म्हणून जगभर ओळखली गेलेली वाघीण येथलीच. तिने आठ वेतांत एकोणतीस बछड्यांना जन्म दिला. जानेवारी २०२२ मध्ये ती वारली, तेव्हा गावकऱ्यांनी हात जोडून तिला अखेरचा निरोप दिला.

मोगलीची गोष्ट ज्या सिवनीच्या डोंगरांत घडते तेही हेच. रुडयार्ड किपलिंगचे ते पुस्तक १८९४ साली निघाले. गंमत अशी, की किपलिंगने हे अरण्य स्वतः पाहिलेच नव्हते. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सिवनीविषयी १८७७ साली लिहिलेल्या पुस्तकाचा आधार त्याने घेतला असे मानतात. त्या गोष्टीतले प्राणी अग्नीचे नाव घेत नाहीत, त्याला ‘तांबडे फूल’ म्हणतात, आणि मोगली गावातून निखाऱ्यांचे मडके उचलून आणतो. हे मडके वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

दिवस कोणता निवडावा? पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, अरण्याचा गाभा बंद असतो, आणि एरवीही बुधवारी दुपारची फेरी नसते. तेव्हा बुधवार टाळावा. फेरीचे परवाने संगणकावरून बरेच आधी काढावे लागतात व प्रत्येकाचे ओळखपत्र दाखवावे लागते. एका जीपमध्ये सहा प्रवासी, शिवाय वाटाड्या व चालक. नाताळाच्या सुट्टीत नागपूरचे अवघे शहर तिकडे लोटते, म्हणून आम्ही डिसेंबराचा पहिला पंधरवडा पसंत करतो. त्यातही जमल्यास अमावास्येच्या आसपासची रात्र. कारण पुढे सांगू. मुक्काम गाभ्याच्या आत नव्हे, तर प्रवेशद्वाराबाहेरच्या गावात करावयाचा असतो. आम्ही सावनेरवरून नागपूर-जबलपूर महामार्ग गाठतो. देवलापारच्या पुढे रस्ता कित्येक ठिकाणी खांबांवर उचलला आहे, जेणेकरून जनावरे खालून जावीत. मुलांस तो आधी दाखवावा. खवाशाहून आत वळले की बारा किलोमीटरांवर तुरियाचे प्रवेशद्वार लागते.

आता थंडीकडे वळू. सौंसरची थंडी आणि अरण्याची थंडी एकच, असे मुलांस वाटते. तसे नाही. गावात भिंती, दगडी ओटे, डांबरी रस्ते दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. घरे दाटीने असल्यामुळे वाराही अडतो. मोकळ्या रानात जमिनीची ऊब रात्री सरळ आकाशाकडे निघून जाते. ढग असते तर ते पांघरुणासारखे तिला काहीसे अडविते. परंतु मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र, म्हणजे पृथ्वीच्या अंगावर पांघरूणच नाही. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत नाल्याच्या काठी व सखल कुरणांत साचते. टेकाडावरच्या खोलीत आणि नाल्याकाठच्या खोलीत पहाटे जाणवण्याइतके अंतर पडते. खोल्या ठरविताना आम्ही हे आवर्जून विचारतो, आणि व्यवस्थापक आमच्याकडे चमत्कारिक दृष्टीने पाहतात. पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली; दुपारी तोच पंचविसाच्या घरात असतो. इतका फरक ध्यानी घेऊनच कपडे घ्यावे लागतात.

आमच्या पहिल्या सहलीत यांतले काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. नववीची नऊ मुले आणि आम्ही. रात्री जेवण झाल्यावर मुले कुडकुडू लागली; एकेक पातळ चादर, खाली फरशी, खिडकीच्या फटीतून वारा. आम्ही सेवकास शेगडी मागितली. आपल्याकडे घरोघरी जिला सिगडी म्हणतात तीच. तो बिचारा म्हणाला, “बाहेर शेका, साहेब, मग झोपा.” परंतु आम्ही हट्टाने ती आत आणविली. धूर निघून गेला होता, निखारे लालबुंद फुलले होते. आता काय भीती, असे आम्हांस वाटले. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रे कोंबली, दार लावले. मुले शेगडीभोवती गोल करून झोपली. तो देखावा पाहून आम्ही मनात म्हटले, जमले बरे!

मध्यरात्रीनंतर एक मुलगा लघुशंकेस उठला आणि दाराशी जाऊन कोसळला. पडता पडता त्याचा हात कडीवर गेला होता, त्यामुळे दार उघडले. त्या आवाजाने आम्हांस जाग आली. डोके घणाचे घाव बसावेत तसे ठणकत होते आणि उठावे असे मनात येऊनही पाय उचलत नव्हते. कसेबसे उठून मुलांस हाका मारल्या. पाच जण उठले, त्यांतील तिघांस ओकाऱ्या झाल्या. दोघे हलवून हलवूनही लवकर जागे होईनात. शेवटच्याला आम्ही अंगणात ओढतच आणला. त्या अंगणात, ज्या थंडीला आम्ही एवढे भ्यालो होतो, तिनेच त्यांस शुद्धीवर आणले. पहाटे जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. प्राणवायू दिला गेला. सायंकाळपर्यंत सर्व मुले हिंडू-फिरू लागली. वाघ पाहणे राहून गेले. परत आल्यावर नऊ घरी जाऊन आम्ही घडले ते स्वतः सांगितले. एका घरी मुलाचे वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “सर, आम्हीही घरात हेच करतो.” हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

काय झाले होते ते नीट समजून घेतले पाहिजे. कोळशास भरपूर हवा मिळाली तर तो पुरता जळतो व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. हवा अपुरी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. या वायूस रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. धुराने निदान खोकला तरी येतो. हा वायू चाहूल न देता येतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. परंतु या वायूस ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते आणि सहजासहजी सोडीत नाही. म्हणजे श्वास चालू असतो, छाती हलते, आणि तरी शरीरास प्राणवायू पोचत नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसास ही गुंगी झोपच वाटते, आणि हातपाय आधीच दुर्बळ झालेले असल्यामुळे कळूनही दारापर्यंत जाता येत नाही. धूर गेला म्हणजे शेगडी निर्धोक झाली हा समज सर्वस्वी खोटा आहे. राखेखाली धुमसणारा निखारा रात्रभर हा वायू सोडीत राहतो. बंद न्हाणीघरात गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र असेल तर तेथेही हाच धोका असतो.

म्हणून आमच्या सहलीत शेगडी खोलीत येत नाही. फट ठेवून नाही, थोडा वेळ नाही, विझत आलेलीही नाही. शेकावयाचे ते अंगणात. मोगलीनेही ते मडके उघड्यावरच नेले होते, असे आता मुलेच आम्हांस ऐकवितात. एखाद्यास असा त्रास झालाच, तर प्रथम दारे-खिडक्या उघडाव्या, त्यास मोकळ्या हवेत न्यावे, आणि तो बरा दिसला तरी दवाखान्यात दाखवावे.

मग निखाऱ्यावाचून ऊब कोठून आणावयाची? उत्तर सोपे आहे: ती आपल्या अंगातच असते. पांघरूण स्वतः गरम नसते. ते आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही एवढेच, आणि तेही काम करते ती त्यात कोंडलेली स्थिर हवा. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखात हे समजावून सांगणे कठीण पडू नये. नवा पिंजलेला कापूस हाती घेऊन पाहा. त्यात कापूस थोडा, हवाच फार. वर्षानुवर्षे वापरून वाकळीतला कापूस दबला, गोळे झाले, त्यात दमटपणा शिरला, की हवा निघून जाते आणि वाकळ जड होते पण उबदार राहत नाही. तीच वाकळ दोन दिवस कडक उन्हात टाकून काठीने झोडली, की ती पुन्हा फुगते.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पाठीखालचे अंथरूण आपल्या वजनाने चेपले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि जमिनीचा गारवा सरळ पाठीत शिरतो. म्हणून दोन पांघरुणे असतील तर एक खाली घ्यावे. भातशेतीच्या गावी कोरडे तणस मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. त्याचा वीतभर थर, वर गोणपाट, वर सतरंजी, असे अंथरूण आम्ही एकदा केले आणि मुलांस सकाळी उठविणे कठीण झाले. तणस न मिळाल्यास वर्तमानपत्रांचे दोन-चार जाड थरही चालतात. त्यांचे खिडकीच्या फटीपेक्षा हे काम कितीतरी चांगले.

झोपण्यापूर्वी दिवसभर वापरलेले पायमोजे काढून कोरडे घालावेत. घामाने ओलावलेले कापड अंगाची ऊब शोषून घेते. सुती कापड याबाबत फार वाईट, लोकर ओली होऊनही बरीच ऊब राखते. धनगरांचे घोंगडे पावसात का चालते ते यावरून कळेल. डोक्यास कानटोपी असावी. तोंडावर पांघरूण घेऊन झोपू नये, श्वासाच्या वाफेने ते आतून ओले होते. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली तर उत्तम. आणि रात्रीचे जेवण पोटभर करावे: भाकरी, झुणका, वर तिळगुळाचा लाडू किंवा मूठभर शेंगदाणे व गूळ. अंगातील भट्टीस सरपण हवेच. लघुशंकेचा कंटाळा करून पांघरुणात पडून राहणारा मुलगा रात्रभर नीट झोपत नाही, हाही आमचा अनुभव.

सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास निघते. जीप ताशी वीस किलोमीटरांपेक्षा वेगाने जात नाही, तरी तेवढा वाराही पुरतो. आपल्या कातडीभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सारखा उडवून नेतो. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे, आणि सर्वांत वरचा वारा अडविणारा. नऊ वाजता ऊन तापले म्हणजे एकेक उतरविता येतो. रंग मातकट, हिरवट असावेत. भडक तांबडे-पिवळे नकोत. गुडघ्यांवर एक घोंगडी पसरली तर एका बाकावरच्या तिघांस पुरते. संत्री मात्र खोलीवरच ठेवावीत. आपली मुले आणि संत्री यांची ताटातूट करणे किती कठीण आहे ते आम्ही जाणतो; परंतु अरण्यात टाकलेल्या सालींनी वानरांस वाईट सवय लागते.

त्या पहाटे मुलांस वाघाचीच तहान असते. आम्ही त्यांस आधी वानरे पाहावयास सांगतो. उंच फांदीवर उगवतीकडे पोट करून ती हात पसरून बसलेली असतात. ऊन अंगात घेण्याची ही रीत त्यांस कोणी शिकविली? पक्षी पिसे फुगवून चेंडूसारखे गोल झालेले दिसतात. वाकळीतल्या कापसाचाच न्याय. पानगळ झालेल्या कुल्लूच्या झाडाची पांढरी साल धुक्यात अशी चकाकते, की त्यास भुताचे झाड का म्हणतात ते विचारावे लागत नाही. तोतलाडोहच्या पाण्यावर या दिवसांत चक्रवाक आणि हिमालयापलीकडून आलेले पट्टेरी डोक्याचे हंस असतात. चितळ एकाएकी ओरडले आणि वानर खाकरले, की वाटाड्या जीप थांबवितो. पुढे वाघ दिसेल वा न दिसेल.

अमावास्येची रात्र का, ते सांगावयाचे राहिले. महाराष्ट्राच्या हद्दीतील पेंचच्या काही भागास जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे उद्यान अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातील हे पहिलेच. सिल्लारीजवळ वाघोली येथे आकाश पाहण्याची सोय केली आहे व आसपासच्या गावांतील दिव्यांचा प्रकाश वर जाऊ नये अशी व्यवस्था आहे. मुक्काम तुरियास असला तरी आकाश तेच. जेवणानंतर आम्ही अंगणात ताडपत्री घालतो, वर वाकळी, आणि सर्व दिवे मालवून अर्धा तास नुसते पडून राहतो. डोळे अंधारास सरावावयास तेवढा वेळ लागतोच. कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मग मृग आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि उशिरा क्षितिजावर येणारा व्याध. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का पडतात. एका वर्षी मुलांनी सतरा मोजल्या आणि अठरावीवरून भांडण झाले. त्याच आकाशाने जमिनीची सारी ऊब ओढून घेतलेली असते, हे पाठीला कळत असते. अर्ध्या तासानंतर सर्वांस आत पिटाळावे लागते.

यंदाच्या सहलीच्या साहित्याची यादी फलकावर लावली आहे. वाकळ घरचीच आणावी. जुनी असली तरी चालेल, मात्र निघण्यापूर्वी दोन दिवस ती उन्हात पडलेली असावी. कानटोपी नसलेल्यांनी आम्हांस आधी कळवावे. आमच्याकडे एक जास्तीची नेहमी असते. आजीबाईंची ती आम्ही कोणास देत नाही.